बिनदचक्याची गाडी

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत कुणाच्या दारात मोटार येऊन थांबली, की पाहुणे घरात शिरून पाण्याचा पेला तोंडाला लावतात न लावतात तोच त्या मोटारीच्या मागच्या सीटवर गजभिये गार्ड आडवे झालेले असायचे. बूट काढून. बूट खाली जोडीनं ठेवलेले, टोपी छातीवर, डोळे मिटलेले. गाडी कुणाची, पाहुणा कोण, याची चौकशी ते नंतर करत. आधी झोपून बघत.

एकदा आमच्याकडे गोवर झालेल्या पोराला बघायला भिलाईच्या पोलाद प्लांटच्या दवाखान्यातले डॉक्टर आले होते. औषध लिहून देऊन बाहेर येतात तर गाडीत हा माणूस निपचित. डॉक्टर घाबरले. वाकून त्यांनी नाडी धरली. गार्डनं डोळे न उघडता सांगितलं, "डाक्टरसाहेब, मी ठीक हाय. तुमची डावीकडची स्प्रिंग दबली हाय."

दुर्गला एका लग्नात तर यांनी कहर केला. वरातीसाठी आणलेल्या मोटारीत हे आधीच जाऊन पडले होते. नवरदेव आला, बाशिंग सांभाळत शेजारी बसला, करवल्या बसल्या, बँड सुरू झाला, आणि गार्ड काही उतरले नाहीत. मुलीकडच्यांना वाटलं मुलाचे काका असतील, मुलाकडच्यांना वाटलं मुलीचे मामा असतील. मांडवाच्या दारात दोघांनाही ओवाळलं. गार्डनं नवरदेवाला उतरता उतरता सांगितलं, "सीट चांगली हाय, पण लांब नको जाऊ. कंबर धरन."

आता हे वेड आलं कुठून, ते सांगायला हवं. गजभिये मालगाडीचे गार्ड. मालगाडीच्या अगदी शेवटी एक लहानसा डबा असतो, ब्रेकव्हॅन. त्यात गार्ड बसतो. इंजिनानं पुढे साधा एक हिसका दिला, तर तो प्रत्येक वॅगनमधून वाढत वाढत मागे येतो आणि शेवटी गार्डाच्या कण्यात जमा होतो. त्या दिवसांत प्लांट उभा राहत होता. कोळसा, दगड, यंत्रांची खोकी, रात्रंदिवस गाड्या येत होत्या आणि त्या सगळ्या गाड्यांचे हिसके गजभिये एकट्यानं घरी आणत होते. जेवायला बसले तरी मधूनच अंगाला झोल देऊन भाताचं ताट धरायचे. ताट जागेवरच असायचं.

म्हणून मोटार मोजायचं त्यांचं माप होतं ब्रेकव्हॅन. "जीप? सव्वा ब्रेकव्हॅन. आपले हाडं मोजून घ्या आन मंग बसा." "अँबॅसडर अर्धा ब्रेकव्हॅन. पाय पसरता येते, घरच्यासारखं वाटते." रशियन साहेबांना प्लांटकडून मिळालेल्या गाडीतही ते कसे कोण जाणे झोपून आले होते. तिच्याबद्दल म्हणाले, "पाव ब्रेकव्हॅन. गाडी झकास. पण सीट अशी हाय का त्याच्यावर माणसाले मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटते, झोप येत नाही." कॉलनीतले लोक संध्याकाळी मुद्दाम विचारायला यायचे, गार्डसाहेब, पुण्याला जायला कोणती गाडी बरी, जबलपूरला कोणती. विचारणाऱ्यांपैकी एकाकडेही सायकलच्या वर काही नव्हतं. पण गार्ड गंभीरपणे सल्ला द्यायचे आणि माणसं समाधानानं घरी जायची.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण मला त्या हसण्याच्या आतली गोष्ट ठाऊक होती, कारण मी त्यांच्या भिंतीला लागून राहायचो. गार्डनं लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची माय. ही माय नळावर पाय घसरून पडली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. खाटेवर पडून असली की बरी असायची. जरा धक्का लागला की ओठ दाबायची. ओरडायची नाही, हेच वाईट होतं.

आणि तिला नागपूरला जायचं होतं. ज्या दसऱ्याला समाजातली सगळी माणसं नागपूरला दीक्षा घ्यायला गेली, त्या दसऱ्याला ती तापानं फणफणली होती. पुढे घरच्या घरी ती बौद्ध झाली, पण ती जमीन तिनं पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी गार्डला सुटी नव्हती, त्याच्या पुढे अजून काही. मग खुबा गेला. "मले मराच्या आधी एक डाव ते जागा पाहू दे, सुकदेव," एवढंच तिचं मागणं. रेल्वेनं न्यायचं म्हणजे उचलायचं, चढवायचं, त्या हिसक्यांत घालायचं. आणि हिसका काय चीज आहे हे गार्डला सांगायला नको होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं की माय जाईल तर बिनदचक्याच्या गाडीतून जाईल. ती गाडी ते शोधत होते. सगळ्या जगाच्या सीटवर झोपत होते ते त्यासाठी.

जामुलला एक ठेकेदार होते, सिमेंटची ने-आण करणारे. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी होती, निळी आणि इतकी लांब की वळताना तोंड भिलाई-तीनमध्ये आणि शेपूट चरोद्यात राहते असं पोरं म्हणायची. ठेकेदारांचा त्या गाडीवर फार जीव. यार्डात वॅगनच्या कामाला आले की गाडी सावलीत लावत आणि स्वतः उन्हात उभे राहत. गार्डनं तिची परीक्षा घ्यायची ठरवली तीही साधी नाही. मागच्या सीटवर ते आडवे झाले, पोटावर वरणाची वाटी ठेवली आणि म्हणाले, "चला."

ठेकेदारांनी स्वतः गाडी हाकली. यार्डाच्या कडेचा तो रस्ता म्हणजे ट्रकांनी खणलेली नांगरटच. गाडीत वरण आहे, खाली मखमली सीट आहे आणि वर रेल्वेचा माणूस आहे, या काळजीनं ठेकेदार घामानं भिजले. परत आले तेव्हा वाटीतलं वरण होतं तसं होतं. गार्ड उठून बसले. मग म्हणाले, "एक आणा ब्रेकव्हॅन. याच्या खाली गाडी जात नाही." ठेकेदारांचे डोळे पाणावले. गाडीची एवढी तारीफ त्यांच्या घरच्यांनीही केली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "गार्डसाहब, दशहरे पे गाडी आपकी. ड्रायव्हर भी मेरा. माँजी को ले जाइए."

दसऱ्याच्या सकाळी गाडी दारात आली. ड्रायव्हर इतवारी, छत्तीसगढचाच, शांत माणूस. त्याला वाटलं बसायचं आणि निघायचं. पण गार्डचं डोकं मालगाडीचं. रिकामी वॅगन उडते आणि भरलेली रुळाला धरून चालते, हे ते जन्मभर बघत आलेले. तेव्हा त्यांनी डिकीत वाळूची पोती भरली. माय हलकी, मी जड. मला कॉलनीत 'मोठे बाबू' म्हणायचे ते काही हुद्द्यामुळे नव्हे. यार्डात क्लार्कच होतो मी. "बाबू, तुमी पाह्यजे. तुमच्याशिवाय मांगचा एक्सल दबत नाही," असं म्हणून त्यांनी माझी रजाही स्वतःच मंजूर करून आणली होती. मागच्या सीटवर माय आडवी, तिचे पाय माझ्या मांडीवर. गाडीचं ढुंगण जमिनीला आणि तोंड वर. इतवारी म्हणाला, "साहब, गाडी ह अगास ला देखत हे." आकाशाकडे बघत होती, खरंच.

गार्ड पुढे बसले, पण उलटे. गुडघे सीटवर, छाती सीटच्या पाठीला, तोंड आमच्याकडे. जन्मभर ब्रेकव्हॅनमधून त्यांनी मागे पळणारी वाटच पाहिलेली. समोरून येणारा रस्ता बघितला की त्यांना मळमळायचं. त्यांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली, खिडकीतून हिरवी झेंडी हलवली आणि मगच इतवारीला निघायची परवानगी मिळाली. कॉलनीतली सगळी बायापोरं दारात उभी होती. माय झोपल्या झोपल्या म्हणाली, "लाज नाही वाटत का रे तुले?" पण ती हसत होती.

राजनांदगाव मागे पडलं आणि एका मोरीवर गाडीच्या पोटातून खर्रकन आवाज आला. पोत्यांनी गाडी एवढी बसली होती की रस्ताच पोटाला लागत होता. इतवारी उतरला, खाली वाकून बघून आला आणि डिकी उघडून उभा राहिला. गार्डनं खूप वाद घातला. शेवटी पोती रस्त्याच्या कडेला रिकामी करावी लागली. ते त्या ढिगाकडे असे बघत होते की मला वाटलं आता दोन फुलं ठेवतात. मग त्यांची सगळी भिस्त माझ्यावर आली. देवरीला चहाला थांबलो तर मला उतरू दिलं नाही. "बाबू, तुमी उतरले का गाडी हलकी होते, आन हलकी झाली का हालते." माझा चहा खिडकीतून आला. भजीही खिडकीतून आली. बाकीच्या अडचणींचं तुम्हीच समजून घ्या.

आणि एवढं सगळं करून गाडी खरोखरच लोण्यासारखी चालली होती. माय मधूनमधून डोळा लावत होती. तिच्या कपाळावर आठी दिसली की गार्ड इतवारीच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि गाडी इतकी मंद व्हायची की बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जायच्या. सायकलवरचा एक माणूस तर बराच वेळ शेजारून चालत गप्पा मारत आला.

नागपूरला आम्ही दिवस बुडायच्या आत पोचलो, हे आधीच सांगून टाकतो. मायनं ती जागा पाहिली, माती कपाळाला लावली, पोट भरून रडली. सगळं तिच्या मनासारखं झालं. पण त्या प्रवासातलं मला जे राहून राहून आठवतं ते त्याच्या आधीचं, वाटेतलं.

साकोली सोडली होती. मायनं डोळे उघडले, खिडकीतून वर काही झाडं पाहिली आणि म्हणाली, "थांबव."

गार्डचा चेहरा उतरला. "दुखून राहिलं का, माय?"

"नाही. त्या मोहापासून आत वळव."

आत वळणारी वाट बैलगाडीची होती. दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये दगड. गार्डनं मान वळवून एकदाच पाहिलं. "माय, तिकडून जाता येत नाही. ते तीन ब्रेकव्हॅन हाय. तुह्या खुब्याचं काय होईन?"

"वळव म्हटलं ना. आन मले उठून बसव."

"कावून?"

"झोपून गेली तर कोणाले दिसन मी?"

मी तिला धरून बसवलं. तिनं पदर नीट केला आणि मग सांगितलं. एवढ्या वर्षांत तिनं लेकाला हे कधी सांगितलं नव्हतं. "खैरटोला हाय हे. तुह्या बापाचं गाव. तू पोटात होता, दिवस भरत आले होते. माहेरी जाले बैलाची एक रेंगी मांगतली. सारं गाव फिरली. आपल्याले कोणी गाडीत बसू देल्लं नाही. मी पायीच गेली."

गार्ड तिच्याकडे बघत राहिले. मग पुढे न वळताच इतवारीला म्हणाले, "अंदर लो."

त्या वाटेवर अमेरिकेचं काही चाललं नाही. डोकं छताला लागत होतं. प्रत्येक दचक्याला मायचे ओठ दाबले जात होते आणि प्रत्येक दचक्याला गार्डचेही दाबले जात होते. "थांबू, माय?" "चालू दे." एवढंच बोलणं चाललं होतं. खिडकीची कड तिनं सोडली नाही आणि पाठही टेकली नाही.

चावडीपुढे गाडी उभी राहिली. पोरं धावत आली, बॉनेटला हात लावून पळाली. चार-दोन बाप्ये उठून जवळ आले. मायनं एकेकाची खूण सांगून विचारायला सुरुवात केली. मोठ्या वाड्यावरचा म्हातारा? मेला जी, कधीचाच. त्याची म्हातारी? तीही गेली. ज्याची रेंगी होती तो, कडुनिंबाजवळचा? त्याचं घरच बसलं, पोरं नागपुरात असते. ज्यांनी बघायला पाहिजे होतं, त्यांतलं कोणी उरलंच नव्हतं. मायचा चेहरा बारीक झाला. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

एका तरण्या माणसानं गाडीवरून हात फिरवत विचारलं, "कोणाची गाडी हाय जी, आजी?"

"माह्या पोराची," माय म्हणाली.

गार्डनं तोंड उघडलं. मला वाटलं आता ठेकेदार, जामुल, सगळं सांगतात; मोटारीबाबत खोटं त्यांना खपत नसे. पण त्यांनी तोंड मिटलं, कोटाचं वरचं बटण लावलं आणि त्या माणसाकडे बघून मान हलवली. डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "निघाचं का, माय?"

"थांब. मांगची गल्ली राह्यली. आपलं घर होतं तिकडं."

मागची गल्ली चावडीच्या वाटेहून वाईट. सगळे दगड वर आलेले. माणूस एकही नव्हता. दोन शेळ्या होत्या आणि उन्हात उभी करून ठेवलेली एक बाज. त्या गल्लीतून ती लांबलचक निळी गाडी बेतानं गेली, दोन्ही बाजूंनी भिंतींना घासायची तेवढी राहिली. माय खिडकीवर हात ठेवून ताठ बसली होती आणि एकेका दाराकडे बघत होती.

गल्ली संपली. इतवारीनं सडकेकडे तोंड केलं. गार्डनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"इतवारी," ते म्हणाले, "गाडी घुमाओ. एक बार और."