हौसावहिनींची पाखरं

पहिल्याच भेटीत हौसावहिनींनी मला टिटवी म्हटलं. तोंडावर, माझ्या बायकोदेखत.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास आम्ही नारायणगावात, स्टँडमागच्या इमारतीत राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी एकेक डाग मोजून वर पाठवत होतो. तळमजल्यावरच्या या बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला जरा वेळ न्याहाळलं आणि बायकोला म्हणाल्या, "तुमचं मालक टिटवी हायेत. कुणी आलं-गेलं की आधी बोंब. रातचं पाय वर करून झोपत असतील, आभाळ पडंल म्हणून."

पतसंस्थेत हिशेबनीस असलेल्या माणसाशी कुणी असं बोलत नाही. वस्तुस्थिती अशी की मी पाय खाली ठेवूनच झोपतो. त्या रात्री मात्र झोपण्याआधी एकदा खात्री करून घेतली.

इमारतीमागे एक लिंबाचं झाड आणि गळकी टाकी, एवढंच वहिनींचं रान. भांडी घासता घासता, मान वर न करता त्या सांगायच्या, "तांबट आला." "शिंजीर हाय, पार शेंड्याला." "सातभाईंचं भांडान लागलं." मी वर बघायचो, तर नुसती पानं.

"बघताय काय? ऐका. रंगावर जाऊ नका भाऊजी, रंग फशिवतो. आवाज ऐका."

मी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. बरेच दिवस गच्चीवर उभं राहून त्यांचं सांगणं ताडून पाहिलं. बाई चुकत नव्हत्या. एकदाच काय ती त्यांनी घार सांगितली आणि ती आमच्या कुकरची शिट्टी निघाली. तेव्हाही त्यांनी दोष कुकरलाच दिला.

हे पाखरांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण वहिनी माणसंही त्याच पद्धतीने ओळखत. आमच्या संस्थेचे चेअरमन एकदा चहाला आले. वहिनी विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी चेअरमनना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "भारद्वाज दिसला. दिस चांगला जानार."

भारद्वाज दिसणं आपल्याकडे शुभ. चेअरमन खूश झाले. वहिनी दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "रुबाब लई असतो त्याचा. दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी खातो, तेवढंच."

माझ्या हातातली बशी कपासकट खाली आली. चेअरमन कसंनुसं हसले. पुढे कितीतरी महिने मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

एकदा बायकोने त्यांना विचारलं, "वहिनी, मग तुम्ही कोण?"

"मी कावळीन," त्या चटकन म्हणाल्या. जणू उत्तर तयारच होतं.

स्वतःला असं कुणी म्हणतं का? वहिनी रंगाने सावळ्या होत्या. आम्हाला वाटलं, त्यावरूनच असेल.

त्यांचे यजमान आम्ही येण्याआधीच वारले होते. एकुलता मुलगा संजू चाकणला कारखान्यात होता. शनिवारी घरी आला की हा मिशीवाला माणूस फाटकातूनच 'काव' करायचा. म्हणजे भूक लागली. आतून वहिनी ओरडायच्या, "टाकते रं भाकर!" आमच्याकडे पाहुणे असताना हे झालं की मला खाली मान घालावी लागे.

पुढे एका पावसाळ्याच्या तोंडाला लिंबावर एक पिल्लू कर्कश ओरडत होतं. कावळीण त्याला भरवत होती. मी मोठ्या विश्वासाने म्हटलं, "कावळ्याचं पिल्लू."

"कोकिळेचं," वहिनी म्हणाल्या. "चोच उघडली की आत बघा, कावळ्याची न्हाई. भूक हाय तवर कावळ्यावानी मागतं. पंख फुटलं की आपल्या आवाजात जातं." आणि त्या आत निघून गेल्या. भांडी तशीच राहिली.

त्या दिवशी बायकोने मला सांगितलं की संजू वहिनींच्या पोटचा नाही. तो वर्षाचा असताना त्याची आई, म्हणजे यजमानांची पहिली बायको, गेली. वहिनी नंतर आल्या. इतकी वर्षं वरच्या मजल्यावर राहून मला याचा पत्ता नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आळेफाट्याच्या कार्यालयात संजूचं लग्न झालं. अक्षता पडल्या, सूनमुखाची वेळ आली. सासूने सुनेचं तोंड आरशात बघायचं, तर तिथे खुर्चीवर संजूची सख्खी मावशी बसलेली. मढहून आलेल्या आजोळच्या मंडळींनी ठरवलं होतं: वहिनी विधवा, त्यातून सावत्र. मी वहिनींना शोधायला निघालो.

त्या मागे आचाऱ्यांच्या चुलाणांपलीकडे करंजाखाली उभ्या होत्या.

"तांबट हाय, ऐका," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तिकडे सूनमुख चाललंय."

"चालू द्या. रीत त्यांची. पिल्लू उडाल्याव कावळीन मागं जाती व्हय?"

तेवढ्यात कार्यालयाच्या कर्ण्यावर कावळा ओरडला.

लग्नात कावळा! मी धावत दाराशी गेलो. मुंडावळ्या बांधलेल्या संजूने भटजींच्या हातातला माइक घेतला होता. भटजींचा हात तसाच हवेत. मावशी आरसा धरून त्याच्याकडे बघत राहिलेली. त्याने पुन्हा 'काव' केलं. कुणीतरी म्हातारी "शिव शिव" म्हणाली.

मी मागे आलो. वहिनी हलल्या नव्हत्या. एका आवाजात पाखरू ओळखणारी बाई, दोनदा ऐकूनही करंजाला हात लावून तशीच उभी.

"वहिनी, आवाज ऐकलात ना?"

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून एकदा ऐकू द्या."

तिसऱ्यांदा 'काव' आलं. या वेळी जरा चिरकलं.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "भूक लागली आसंल त्याला," म्हणाल्या आणि मांडवाकडे चालू लागल्या.