पाचवा रकाना

मयेकर सरांपुढे कुठल्याही शास्त्रज्ञाचं नाव काढा. त्याने ग्रहांची गती मोजलेली असो नाहीतर रोगावर लस काढलेली असो, सरांचा प्रश्न एकच. "ते राहू दे रे बाजूला. त्याला जेवायला कोण घालत होतं?"

सर आमच्या मांडवीच्या आळीत राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि शास्त्रज्ञ-गणितज्ञांचा चरित्रकोश करायला बसले. असे कोश जगात ढिगाने आहेत, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "हायत ना, पण सगळे उपाशी," सर म्हणाले. इतर कोशांत जन्म, शिक्षण, शोध आणि मृत्यू एवढंच असतं. सरांच्या कोशात पाचवा रकाना: जेवायला कोण. "उपाशीपोटी पाढे आठवत नाहीत, शोध कसला लागतोय?"

एका शास्त्रज्ञाचं एक कार्ड, आणि कार्डं आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत. गणितवाले एका पेटीत, खगोलवाले दुसरीत. रसायनवाले बाहेर पडवीत, कारण त्यांचा भरवसा नाही. मोबाईलवर बघा की, असं कुणी सुचवलं तर सर म्हणतात, "तो शोध सांगतो, ताट नाही सांगत."

मी पोस्टात खिडकीवर कारकून, पण सर मला पोस्टमास्तर म्हणतात. बढती मिळाली ती तेवढीच. त्यांची परदेशी पाकिटं माझ्याच खिडकीतून जातात. एकदा पाकीट चिकटवण्याआधी त्यांनी मला पत्र वाचायला दिलं. परदेशातल्या एका विद्यापीठाला अस्खलित इंग्रजीत विचारलं होतं, की आपले अमुक प्राध्यापक अणूवर काम करीत असताना त्यांचा स्वयंपाक कोण करीत असे, ते कृपया उलट टपाली कळवावे. मी म्हटलं, "सर, वेड्यात काढतील आपल्याला." सहा महिन्यांनी उत्तर आलं. घरमालकीण करायची, आठवड्यातून चार दिवस कोबीचं सूप. सर पेढे घेऊन थेट माझ्या खिडकीवर. "पोस्टमास्तर, सापडली बाई!" रांगेतल्या लोकांना वाटलं, सरांचं लग्न ठरलं.

लग्न त्यांनी केलंच नाही. आई गेल्यावर काही दिवस स्वतः भात लावून पाहिला, तो करपल्याचा वास आळीभर पसरला, आणि हळूहळू घराघरांनी वार वाटून घेतले. बैठक वगैरे झाली नाही, आपोआप झालं. बुधवार आमचा.

एका गणितज्ञाने मात्र सरांना फार छळलं. चार देशांत पत्रं धाडली, तरी त्याला कोण वाढत होतं ते कळेना. शेवटी त्याच्या पाचव्या रकान्यात सरांनी आडवी रेघ ओढली. त्या बुधवारी आमच्याकडे पाटावर बसले, पण घास उचलेनात. "एवढं मोठं गणित सोडवून घरी आला असेल हो, आणि चूल थंड."

"मेला तो दोनशे वर्षांपूर्वी. तुम्ही बांगडा खा," मी म्हटलं.

कोश पुरा झाला तो बारा वर्षांनी. पुण्याच्या प्रकाशकाने हस्तलिखित वाचून कळवलं, काम उत्तम आहे, छापतो, पाचवा रकाना तेवढा गाळा. मी सरांच्या अक्षरशः हातापाया पडलो. "नाय," सर म्हणाले. "ज्यांनी वाढलं त्यांना बाहेर उभं करून मी आत पंगत बसवू? नकोच छापायला." आठ महिने दोन्हीकडून चकार शब्द नाही. मी मनातल्या मनात त्या पेट्यांत परत आंबे भरून मोकळा झालो होतो.

मग प्रकाशकाचं पत्र आलं. हस्तलिखित परत पाठवण्याआधी आमच्या सौभाग्यवतींनी वाचलं, सबब रकाना राहील. संकलकाचा परिचय त्वरित पाठवावा.

परिचयही सरांनी कार्डावरच लिहिला आणि बुधवारी जेवायला येताना शुद्धलेखन तपासायला माझ्या हातात दिला. जन्म: रत्नागिरी. शिक्षण: गणित. शोध: नाही. मृत्यू: सवडीने. पाचव्या रकान्याला मात्र जागा पुरली नव्हती, मजकूर मागच्या बाजूला गेला होता. सोमवार, मुरकरवहिनी, कुळथाची पिठी. मंगळवार, सुर्वेकाकी, वालाचं बिरडं. बुधवार, शालनवहिनी, बांगड्याचं तिखलं. शालन म्हणजे आमची ही. पुढे गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळे नावानिशी. आणि रविवार: आडवी रेघ.

"सर, रविवारी कुठे जेवता?" मी विचारलं.

"रविवारी लोकांकडे पाव्हणे असतात. आपलं पोह्यांवर भागतं."

शालन ताट घेऊन आली होती, ती थांबली. "मुरकरवहिनींकडे जाताव ना रविवारी? मी तर तसंच धरून चालले होते."

सरांनी नकारार्थी मान हलवली. मुरकरवहिनी सुर्वेकाकींचा भरवसा धरून होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. आणि काकी आमचा. एवढी वर्षं दर रविवारी आळीत मासे तळल्याचा वास सुटायचा, आणि सर एकटे पोहे खात बसायचे. मला खरोखर लाज वाटली.

शालनने ताट ठेवलं, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि त्या रेघेवर स्वतःचं नाव लिहिलं. "एकच चूक होती. काढली," ती म्हणाली.

सरांनी कार्ड उचलून जवळ धरलं. मग म्हणाले, "पण वहिनी, पदार्थ? कोशात अपुरी माहिती चालत नाही."

"कोंबडी-वडे लिवा."

ते दोन शब्द लिहायला सरांना बराच वेळ लागला. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.