परत न येणारी गिऱ्हाइकं

ढेकूणमामांनी एकदा घर फवारलं की त्या घरात पुन्हा पाऊल टाकायची ढेकणांची छाती होत नसे आणि मामांना गरज पडत नसे. एकवीस वर्षं असं सुखात चाललं होतं. मग जावईबापूंनी कसलासा कोर्स केला.

त्यांनी मामांची पत्त्यांची वही चाळली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, चारशे गिऱ्हाइकं, आणि परत एकही आलं नाही? धंदा गाळात चाललाय! गिऱ्हाईक टिकलं पाहिजे."

"अहो, ढेकूण टिकले तर गिऱ्हाईक टिकणार ना!"

"न्हावी बघा. त्याच्याकडे कसे परत येतात?"

"केस परत वाढतात, जावईबापू."

पण लेक फुरंगटून बसली, तेव्हा मामांनी निमूटपणे फोन उचलला आणि जावयाने लिहून दिलेलं वाचलं, "नमस्कार. तुमची आठवण आली. ढेकूण काय म्हणतात?"

पलीकडे एक शिक्षिकाबाई होत्या. चार वर्षं शांत झोपणाऱ्या त्या बाई किंचाळल्या, "म्हणजे परत येणारेत?"

"नाही हो, सहज विचारलं."

"सहज कोण ढेकणांची चौकशी करतं?"

बाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने अख्ख्या इमारतीला. संध्याकाळपर्यंत मामाच ढेकूण सोडतात असं ठरलं. सकाळी दारात गाद्यांचा डोंगर आणि त्यामागे तावातावाने बोलणारी माणसं. "तपासा, आणि ढेकूण नाहीत असं लिहून द्या!"

"बघा बाबा," जावईबापू हरखले, "एका दिवसात सदतीस परत!"

मामांनी छत्तीस गाद्या उलट्यापालट्या केल्या. एकीतही ढेकूण नव्हता. सदतिसावी त्यांच्या गिऱ्हाइकाची नव्हतीच. गर्दी बघून कुणीतरी फुकटात टाकून गेलं होतं. ती उचलताना मामांच्या पाठीत उसण भरली, गादी बैठकीतच आडवी झाली आणि तिच्यातली मंडळी घरभर पांगली.

मामा अंथरुणाला खिळलेले, मामी खाजवून बेजार. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या फवारणीवाल्या बाईंना बोलवावं लागलं. एकवीस वर्षांत अशी नामुष्की आली नव्हती. बाईंनी तासाभरात घर फवारून पंप आवरला.

"पुन्हा कधी येणार?" मामांनी पडल्यापडल्या विचारलं.

बाई दुखावल्या. "पुन्हा? माझं काम तसलं नाही, मामा. आता यावं लागणार नाही."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुम्हाला जावई आहे का हो?"

"छे, मुलगी अजून लहान आहे."

"असू दे," मामा म्हणाले, "लहानच असू दे." आणि कण्हत कण्हत भिंतीकडे वळले.