कॅमेरा भिंतीत शिरतो

"शंतनुराव, गुण आन् दोष दोनीबी सांगा. भीड ठेवू नका," असं सासऱ्यांनी शंतनूला फोनवर बजावलं. भिडेचा प्रश्नच नव्हता. त्यांची कादंबरी त्याने वाचलीच नव्हती.

व्यंकटराव वालूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही कादंबरी लिहीत होते. भुजंग नावाच्या तलवारबहाद्दराची कथा. छापायला देण्याआधी त्यांनी तिच्या प्रती ओळखीपाळखीत वाटल्या होत्या आणि सगळ्यांकडून एकच अभिप्राय आला होता : 'सुंदर.' जावई परभणीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, शिवाय 'ऑनलाइन समीक्षा' करतो, म्हणून त्यांची सारी भिस्त त्याच्यावर होती. ती समीक्षा व्हिडिओ गेमची असते, हे मात्र निवेदिताने माहेरी कधी सांगितलं नव्हतं.

"वाचून झाली का अण्णांची कादंबरी?" निवेदिताने पुन्हा विचारलं.

"वाचायलो."

"चार दिवसांपासून वाचायलात. हातात तर ते राक्षस मारायचं यंत्र हाय."

"हे काम हाय माझं."

खोटं नव्हतं ते. कॉलेजात त्याचं मत स्टाफरूमचा पंखासुद्धा ऐकत नसे. पुण्याची एक वेबसाइट मात्र त्याच्या आवाजातली समीक्षा लावायची आणि अनोळखी पोरं खाली वाद घालायची. त्याच्या मताला जगात तेवढीच जागा होती.

रविवारी दुपारी त्याने दोन्ही कामं उरकली. कादंबरीची पहिली दोन पानं चाळून सासऱ्यांसाठी बोलून ठेवलं : "ओघवती भाषा, जिवंत प्रसंग, प्रत्येक घरात असावी अशी कलाकृती." मग वेबसाइटसाठी तलवारबाजीच्या नव्या गेमवर मन लावून बोलला. गेमचं नाव साइटवालेच सुरुवातीला लावत, त्यामुळे तो थेट मुद्द्यावर आला. दोन्ही रेकॉर्डिंग पाठवली, आणि पंखा लावून झोपला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. लक्ष्मीबाई घाबऱ्या झाल्या होत्या. "निवे, तुझे अण्णा कालपासून खोलीत बसून शंतनुरावांचं बोलणंच ऐकायलेत. पुन्ना पुन्ना. धड जेवले न्हाईत."

शंतनूने फोन उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सासऱ्यांना गेलेलं ते रेकॉर्डिंग पुसायला गेला, तर पुसायची मुदत संपली होती.

"मग सांगा ना त्यान्ला, ते गेमबद्दल होतं म्हणून," निवेदिता म्हणाली.

"आन् कादंबरीबद्दलचं कुठंय विचारलं तर?"

"कुठंय?"

"पुण्याला."

पुण्याला काही बिघडलं नव्हतं. साइटच्या संपादक भक्तीबाईंचा निरोप येऊन पडला होता : 'या वेळी छान सकारात्मक झालंय. लावलंसुद्धा.' खाली पोरांनी 'अगदी बरोबर' म्हणून अंगठे उंचावले होते. शंतनूला यातलं नेमकं काय झोंबलं, हे त्याचं त्यालाही कळेना.

आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला, आणि एका सकाळी व्यंकटरावच खांद्याला कापडी पिशवी लावून दारात उभे राहिले. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण चेहरा उजळलेला होता.

"मामा, मला तुम्हाला एक—"

"आधी माझं ऐका." त्यांनी कागदांचा गठ्ठा बाहेर काढला. "पयल्या दिवशी राग आला, खोटं कशाला बोलू? 'तलवारीचं वजन हाताला जाणवतं, पण दुसऱ्या किल्ल्यापासून त्याच लढाया, तेच शत्रू.' हे तुमी म्हणलात. मग वाचून बघितलं. तेच होतं की! चार लढाया काढून टाकल्या."

शंतनू खुर्चीत बसला.

"'राणी फक्त औषध द्यायला येते.' खरं हाय. तिला आता तिचं म्हणणं दिलं. 'कॅमेरा भिंतीत शिरतो', हे मातर उमगंना. रात्रभर इचार केला. मग ध्यानात आलं, लढाई चालू असताना मी वाड्याच्या नक्षीचं वर्णन करीत बसलोय. लेखकाची नजर भिंतीत! काय बोललात!"

निवेदिता चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"आन् सगळ्यात मोठं," व्यंकटरावांचा आवाज खाली आला, "'नायक मेला की तिथंच पुन्हा उठतो, त्यामुळं त्याची काळजीच वाटत नाही.' तीनदा वाचिवला होता मी त्याला. परवा मारला. मारताना रडलो, शंतनुराव. प्रेसवाल्याला पानं देऊनच इकडं आलो."

"मामा..."

"फक्त एक सांगा. 'पुढच्या भागात दोघांना मिळून खेळता यायला हवं.' म्हंजे कसं?"

निवेदिताला हसू आवरलं नाही. ट्रे हिंदकळला, चहा बशीत सांडला, आणि मग शंतनूला सगळं सांगावंच लागलं.

व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे भुजंगाला मी दुसऱ्याच्याच गुन्ह्यापायी मारलं," एवढंच ते म्हणाले.

"न्हाई मामा, ते बरोबरच झालं. कादंबरी आता चांगली झाली असंल."

"तुमी कशावरून म्हणता? वाचली कुठं?"

ते लेकीकडे वळले. "तू सांग, निवे. भुजंगाची आई मधेच जाती, ते तुला पटलं का?"

"लय वाईट वाटलं, अण्णा. ती जायला नको होती."

"भुजंगाला आई न्हाई. अनाथ हाय तो, पयल्याच पानावर." त्यांनी शांतपणे गठ्ठा पिशवीत सरकवला. बशीतला चहाही कपात ओतून प्यायले आणि उठले.

परतीच्या गाडीपर्यंत सोडायला शंतनू गेला. बसस्टँडवर दोघं बाकावर बसले.

"मामा, आता वाचतो. शप्पथ."

"नको. जबरदस्तीचं वाचन पोरांकडून लय वर्षं करून घेतलं मी." गाडी लागली तशी ते उठले. पायरीवर पाय ठेवून मागे वळले. "त्या गेमची कथा कोणीतरी लिहीतच असंल ना?"

"असतोय एखादा."

"मग आता तसलंच लिवावं म्हणतो. इतके दोष असूनबी तुमी शेवटच्या राक्षसापतूर गेलात म्हणता. लेखकाला आणखी काय पायजे?"

शंतनूने मान डोलावली. शेवटचा राक्षस त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओत पाहिला होता.