पाच मार्कांचा गुडघा

तपासनिसांनी जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, हातात भिंग घेतलं आणि आपल्या उजव्या गुडघ्याचा फॉर्म भरायला बसले. ऑपरेशनला सहा महिने झाले होते. गुडघा बदललेल्या माणसांचं पुढे कसं काय चाललंय यावर हॉस्पिटलात संशोधन सुरू होतं आणि त्यासाठी निवडलेल्या दोनशे गुडघ्यांत तपासनिसांचा गुडघा होता. बाकीचे एकशे नव्व्याण्णव लोक पाच मिनिटांत फॉर्म भरून मोकळे व्हायचे. तपासनिसांचा आज दुसरा दिवस होता.

त्यांचाही इलाज नव्हता. तीस वर्षं त्यांनी कपबशांच्या कारखान्यात माल तपासला होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुणाकडे गेले की ते आधी कप उलटा करून त्याचं बूड बघत. चहा ओतायच्या आधी बघितलं तर ठीक, पण नंतर आठवण झाली की यजमानांची पंचाईत व्हायची.

"‘जिना चढताना त्रास होतो का?’" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कुठला जिना? पायरी किती इंचांची? काही पत्ताच नाही."

"आपला जिना धरा आणि आटपा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आपल्या जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच जास्त आहे."

शेवटच्या प्रश्नाला ते अडलेच. मग त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला. संशोधनाचं काम बघणाऱ्या तिथल्या बाईंना या घरात ‘फॉर्मवाल्या बाई’ हेच नाव पडलं होतं.

"बाई, ‘गुडघ्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा.’ यात पाच म्हणजे नेमकं काय धरायचं?"

"तुम्हाला वाटेल ते, काका. मी काही सुचवलं तर तुमचं उत्तर बिघडेल आणि आमचं संशोधनही. तुमच्या मनातला आकडा लिहा."

हे उत्तर तपासनिसांना फार आवडलं. तपासणारा माणूस असाच हवा, कुणाला झुकतं माप न देणारा. त्यांनी मनातली कारखान्याची मोजपट्टी काढली. तिथे पाच म्हणजे माल पास, पेटीत भरा आणि गाडीत चढवा. सहा एखाद्या फारच सुबक नगाला. तीस वर्षांत सात फक्त एका कपाला मिळाले होते आणि तो मालकांनी काचेच्या कपाटात ठेवून दिला होता. आता गुडघा उत्तम होता, त्यात वादच नव्हता. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना वाटेत दोनदा बसावं लागायचं, आता ते तळ्याला अख्खी फेरी मारून येत. तेव्हा त्यांनी ठळक अक्षरात पाच लिहिले. शिवाय मागच्या कोऱ्या पानावर ‘निरीक्षणे’ असा मथळा घालून लिहिलं, ‘बसताना टक असा आवाज, दिवसातून सुमारे सात वेळा. टाक्यांची रेघ खालच्या टोकाला दोन मिलिमीटर डावीकडे. बाकी ठीक.’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या घरातला आणखी एक गुडघा रांगेत उभा होता. बायकोच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं होतं, डॉक्टरही तेच. दोन वर्षं टाळाटाळ करून ती कशीबशी तयार झाली होती, आणि तेही एका अटीवर. "आधी तुमचा कसा निघतो ते बघू दे," असं ती म्हणाली होती. म्हणजे तपासनीस नमुन्याचा नग होते, आणि हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला कारखान्याची मोजपट्टी कोण सांगणार? सहाच्या खाली कुणी आकडा दिला की तो फॉर्म लाल व्हायचा. दोन दिवसांनी फोन आला. तपासनीस तळ्यावर गेले होते, म्हणून फोन बायकोनं घेतला.

"काकांना उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या. घाबरू नका," फॉर्मवाल्या बाई म्हणाल्या.

‘घाबरू नका’ म्हटल्यावर माणसानं दुसरं करायचं काय? बायकोनं अख्खी रात्र जागून काढली.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांचं रक्त घेतलं, चार बाजूंनी फोटो काढले, सांध्यात सुई घालून पाणी काढलं. बायको बाहेर बाकावर बसली होती. दाराच्या काचेतून तिला दिसलं, एका गुडघ्यावर तीन डॉक्टर वाकलेत. त्यातल्या ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं त्यांचा तर चेहराच उतरला होता. हा गुडघा त्यांनी परिषदेत दाखवायला निवडला होता.

"काका, दुखतं कुठे?"

"दुखत नाही."

"मग पाच का दिलेत?"

"पाच काही कमी नाहीत, डॉक्टर," तपासनीस मोठ्या मनानं म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, भिडस्त माणूस आहे, तोंडावर बोलायला जड जातंय. त्यांनी पाचव्या बाजूनं फोटो काढायला सांगितला. दुपारपर्यंत सगळे रिपोर्ट आले. कुठे काही निघालं नाही. इतकी कसून तपासणी झाल्यामुळे तपासनीस बेहद्द खूश होते आणि टॅक्सीत बसल्यावर ते तसं म्हणालेही.

बायको खिडकीबाहेर बघत होती. "मी माझं नाव काढून घेतलं," ती म्हणाली.

"कुठून?"

"ऑपरेशनच्या यादीतून. तुम्ही आत होतात तेव्हा."

"अगं, पण माझा गुडघा चांगला आहे."

"चांगल्या गुडघ्याला तीन तीन डॉक्टर लागतात होय?"

घरी पोचल्यावर तपासनीस नेहमीप्रमाणे पुढे जाऊन कुलूप उघडून उभे राहिले. बायको कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी चढत होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत यायला तिनं तीनदा दम घेतला. आपल्या एका आकड्यापायी हिला हे असंच काढावं लागणार, या विचारानं तपासनिसांना एकदम कसंतरी झालं.

त्यांनी गुपचूप फोन केला. "बाई, ते पाच बदलून आठ करा."

"भरलेला आकडा बदलता येत नाही, काका. खुलासा लिहून द्या हवं तर. काकूंची जागा मी उद्या बारापर्यंत अडवून ठेवते. त्यानंतर ती दुसऱ्याला जाईल. मग पुढची तारीख आठ महिन्यांनी."

तपासनिसांनी तीन पानी खुलासा लिहिला आणि संध्याकाळी बायकोला वाचून दाखवला. खुलासा खराखुरा असायला हवा, म्हणून त्यांनी त्यात नमूद केलं होतं की टक असा आवाज आता दिवसातून सातऐवजी पाचच वेळा येतो.

"म्हणजे आवाज येतो," बायको म्हणाली. "आणि मला बोलला नाहीत."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तपासनिसांनी हात टेकले. जन्मभराची तत्त्वं गुंडाळून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"हे बघ, माझ्या गुडघ्याला मी दहा देतो. दहापैकी दहा."

बायकोनं गॅस बंद केला. "लेक शाळेत पहिली आली तेव्हा म्हणालात, ‘ठीक आहे.’ आणि आज गुडघ्याला दहा? डॉक्टरांनी काय सांगितलंय ते खरं सांगा."

"काही सांगितलेलं नाही."

"किती दिवस सांगितलेत?"

आता मात्र तपासनीस वैतागले. "पाच म्हणजे काय ते तुला लेखीच दाखवतो," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि कपाटावरची कारखान्याची वही काढली. उतरून बघतात तर ती बशांची निघाली. पुन्हा चढले, दुसरी काढली. तीही वेगळ्याच वर्षाची. तिसऱ्यांदा चढून त्यांनी एकदाची हवी ती वही मिळवली आणि धूळ झटकत उतरले.

"हे बघ. पाच, पुढे शिक्का पास. पाच, पास. वाच."

बायको वहीकडे बघतच नव्हती. "परत चढा," ती म्हणाली.

"कशाला? वही सापडली की."

"चढा म्हणते ना."

तपासनीस चढले. मग उतरले. मग हात न टेकता खुर्चीत बसले आणि उठले. बायको भिंतीला टेकून, डोळे बारीक करून बघत होती. तिनं त्यांना जिना उतरून चढायला लावला, तोही कठड्याला हात न लावता. ते वर आले तेव्हा बोलत होते, म्हणजे दमही लागला नव्हता.

"आता तो आवाज ऐकवा."

तपासनीस सावकाश बसले. टक झालं. तिनं कान देऊन पुन्हा ऐकलं.

"एवढाच? मला वाटलं, दाराची कडी वाजावी तसं काहीतरी असेल." तिनं घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी होते. "फोन लावा त्या बाईंना."

पुढच्या आठवड्यात दोघं हॉस्पिटलात फॉर्मवाल्या बाईंसमोर बसले होते. ऑपरेशनच्या आधीचाही एक फॉर्म असतो.

"गेल्या चार आठवड्यांत गुडघा किती दुखला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होण्याइतका."

"तीन लिहा," तपासनीस म्हणाले. "ती काही फारसं बोलत नाही."

"उत्तर पेशंटनंच द्यायचं, काका."

"नऊ," बायको म्हणाली.

तपासनिसांना हसू आलं. "अगं, नऊ म्हणजे किती होतात ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे. चार वर्षं झाली, नऊच आहेत."

"चार वर्षं? म्हणजे माझा गुडघा दुखत होता तेव्हाही? मग इतकं दुखतं हे बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओरडत होतात ना. घरात दोघांनी ओरडून कसं चालेल?"

तपासनिसांचं हसू ओठावरच राहिलं. कपाला गेलेला केसाएवढा तडा त्यांना नुसती टिचकी मारून कळायचा. आणि ही रोज सकाळी आपला पाय ओढत त्यांच्यापुढे चहा आणून ठेवत होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

"ऑपरेशननंतर घरी काळजी कोण घेणार?" बाईंनी पुढचा प्रश्न वाचला.

"मी," तपासनीस घाईनं म्हणाले. "स्वयंपाकसुद्धा मीच करणार आहे. शिकून घेईन."

बायकोनं चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"सहा आठवड्यांनी त्याबद्दलही विचारतो आम्ही," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "काळजी कशी घेतली, शून्य ते दहा. तेही काकूच सांगणार."

तपासनीस खुर्चीत चुळबुळले. मग बायकोकडे कलून त्यांनी हळूच विचारलं, "किती मिळाले म्हणजे पास?"

"ते मी बघून ठरवीन," बायको म्हणाली आणि सही करायला तिनं बाईंकडे पेन मागितलं.