दुसऱ्या खुर्चीचा भरवसा

कवठे येमाईत माझं घरसामानाचं दुकान आहे, पण गावाचा भरवसा दत्तूआप्पांवर. 'आप्पानं वापरलंय का?' असं विचारल्याशिवाय कुणी साधी चहाची गाळणी घेत नाही.

आप्पा म्हणजे कहर माणूस! टॉर्च दिली तर हौदात बुडवून बघणार. सतरंजी दिली तर तिच्यावर दुपारभर घोरणार आणि मगच मत देणार.

मध्यंतरी मी मोबाइलमधल्या एआयकडून मालाच्या शिफारशी लिहून घेऊन गावाच्या ग्रुपवर टाकायला लागलो. काय झकास लिहायचं हो ते! आप्पा तरातरा दुकानात आले.

"घमेल्याची येवढी तारीफ कुणी लिवली?"

"एआयनं."

"त्यानं घमेलं उचललं का?"



शेवटी तोड निघाली. आप्पांनी वस्तू वापरून फोनवर बोलायचं, एआयनं ते नीट लिहायचं, आणि त्यात खोटं असेल तेवढं आप्पांनी खोडायचं. वाळवणाच्या दोरीला त्यानं 'संपूर्ण कुटुंबाची आवडती' म्हटलं, तर आप्पा फोनवरच खेकसले, "आरं, दोरी कुणाला आवडत असती व्हय?"

यंदा मी घडीच्या खुर्च्या आणल्या. जोडीनंच विकायच्या होत्या. एक जोडी आप्पांकडं दिली. लग्नसराई तोंडावर आली तरी शिफारस येईना, तेव्हा वैतागून त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून दोन्ही खुर्च्या मांडलेल्या. एकीची बैठक चुरगळलेली. दुसरी कोरी करकरीत, धुळीचा कण नाही.

आप्पांनी फोन पुढं केला. एआयनं लिहिलं होतं, 'घरच्यांसाठी आणि आल्यागेल्यासाठी, दोन्ही खुर्च्या आरामदायी.'

"हे खोडावं लागतंय, बाळू. एकीचं खरं हाय. दुसरीवर कोण बसलंच न्हाई."

"मग तुम्हीच बसा की आलटून पालटून!"

"आल्यागेल्यासाठी म्हंतंय ते. मी काय पाव्हणा हाय व्हय?"

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. काकी गेल्यापासून ते एकटेच असतात. लेक दौंडला, रेल्वे कॉलनीत. येते येते म्हणते, पण तिचंही तिकडं संसाराचं रहाटगाडगं.

"रोज पुसून ठिवतो," आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले. "म्हंलं, जाता-येता कोण तरी टेकंल."

वस्तूचं विचारायला सगळा गाव त्यांना रस्त्यात गाठायचा, पण ओटा चढून वर कुणी येत नव्हतं.

मी चपला काढल्या आणि त्या खुर्चीत बसलो. आप्पा एकदम सावरून बसले.

"कशी हाय?"

"लगेच कसं सांगू, आप्पा? वापरल्याबिगर?"

"व्हय, व्हय! ते बी खरंच." ते लगबगीनं उठले. "बस निवांत. चहा टाकतो."

दुकान उघडंच टाकून आलो होतो, ते आठवलं. तरी उठलो नाही.

आतून भांड्यांच्या आवाजात आप्पांचा आवाज आला, "आन् आजच सांगू नगंस, बाळू. एकदा बसून काय कळतंय? उद्याबी येऊन बघ."