पिंपळगव्हाणच्या खुर्चीला लागणारी मिशी

चेहऱ्यावरचे केस ही माणसाची खासगी बाब आहे असं ज्या समाजात मानतात, तो समाज फार काळ टिकत नाही. आमचा टिकला आहे. त्याचं श्रेय आमच्या पिंपळगव्हाण (तालुका मानवत, जिल्हा परभणी) येथील पूर्वजांना जातं. कोणी, कधी आणि काय काढायचं हे त्यांनी कायमचं ठरवून ठेवलं आणि आरशासमोर उभं राहून विचार करण्याच्या त्रासातून आम्हाला सोडवलं.

साध्या दाढीचंच बघा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार गुरूचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी वस्तरा लावायचा नाही. एकादशी आणि अमावस्या वर्ज्य. श्रावण आख्खा वर्ज्य. बायको गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत नवऱ्याला वर्ज्य (आमच्या बजरंगला ओळीनं चार मुलं झाली; त्या काळात त्याची हनुवटी कशी होती हे आता त्याच्या आईलाही नक्की सांगता येत नाही). राहिले बुध, शुक्र आणि रवी. बुधवारी लाईट नसते, म्हणून ट्रिमर चालत नाही. शुक्रवारी न्यू स्मार्ट जेन्ट्स पार्लरचे मालक राधाकिशन बाजाराला जातात. म्हणजे रविवार. रविवारी सगळं गाव एकदम येतं आणि एकाच ब्लेडनं नववा गाल करताना जे व्हायचं ते होतं. मग तुरटी, आणि तुरटीनं भागलं नाही तर वर्तमानपत्राचे तुकडे. रविवारी दुपारी पारावर बसलेल्या माणसांचे गाल वाचले तर आठवड्याच्या बातम्या बऱ्यापैकी कळतात.

बायांच्या चेहऱ्यावर केस येत नाहीत. हे गावाचं धोरण आहे. ते आलेच, तर परसात, दार लोटून, शेजारणीच्या दातात धरलेल्या दोऱ्यानं ते काढले जातात आणि बाई डोळे पुसत बाहेर येते. डोळ्यात कचरा गेला असं ती सांगते. आमच्या गावात बायांच्या डोळ्यात फार कचरा जातो, पण स्वच्छता अभियानात आमचा नंबर दरवर्षी चांगला येतो.

तर अशा सुव्यवस्थित गावावर गेल्या उन्हाळ्यात जो प्रसंग आला, तो मी पाहिलेला आहे. मी वॉर्ड तीनचा सदस्य आहे. मला मिशी आहे.

मिशीचा उल्लेख एवढ्यासाठी केला की आमच्या ग्रामपंचायतीचं कामकाज मिशीवर चालतं. आमच्या सरपंच कस्तुराबाई. पद महिलांसाठी राखीव, म्हणून त्या निवडून आल्या. पण निवडून येणं वेगळं आणि खुर्चीवर बसणं वेगळं. निवडून आल्या त्याच दिवशी गावानं ठराव केला की खुर्चीवर बसणाऱ्याला मिशी असावी आणि ती मिशी सरपंचाच्याच घरातली असावी, उसनी चालणार नाही. यात पुरुष, नवरा, पती असा एकही शब्द नाही. कायद्याचा आदर म्हणतात तो हा. (ठराव तोंडी आहे. लेखी ठराव पंचायत समितीत जातो आणि तिथं तो कोणीतरी वाचेल अशी भीती असते. अजून तसं घडलेलं नाही.) हाच नियम बाकीच्या चार महिला सदस्यांनाही लावला. उपसरपंच राणीताईंच्या जागी त्यांचे मालक भुजंगराव बसू लागले, इतरांच्या जागी इतरांचे. राहिलेल्या तीन जागांवर आम्ही पुरुष आमच्या स्वतःच्या मिशीनिशी बसतो.

कस्तुराबाईंचे यजमान दिनकरराव. त्यांची मिशी पाहिलेला माणूस ठरावाला विरोध करत नाही. रस्त्याच्या वळणावर त्यांचं घर आहे, घराला दगडी ओटा आहे, आणि त्या ओट्यावर बसून ते मिशीला तूप लावत. हा ओटा रस्त्यात अंमळ पुढं आलेला आहे. म्हणजे ओटा जिथं होता तिथंच आहे, रस्ता मागं सरकला आहे असं दिनकरराव म्हणतात. त्यामुळे एसटी वळत नाही. एसटी वळत नाही म्हणून ती गावात येत नाही, तीन किलोमीटरवरच्या फाट्यावरूनच परत फिरते.

कस्तुराबाईंची प्रियांका मानवतच्या कॉलेजात अकरावीला. रोज पहाटे फाट्यापर्यंत चालत जायची, दोन्ही बाजूंनी डोक्याएवढा ऊस. दिनकररावांना काळजी वाटली. बापाला वाटणारच. त्यांनी जाहीर केलं की जूनपासून कॉलेज बंद, जालन्याकडचं एक स्थळ बरं आहे. ओटा काढला तर एसटी येईल आणि पोरगी दारात बसेल, हा उपाय कस्तुराबाईंनी सुचवला. त्यावर दिनकररावांनी मिशीवर हात फिरवला. चर्चा संपली.

एसटीच्या आगारातून पत्र आलं होतं, मार्चअखेर वळणाची जागा मोकळी केल्याचा ठराव द्या, नाहीतर गाडी पलीकडच्या गावाला देऊ. ते पत्र दिनकररावांनी व्यवस्थित जपून ठेवलं.

अशात दिनकररावांचे पेडगावचे चुलत चुलते वारले. वय नव्वदीच्या पुढं, तक्रारीला जागा नाही. दहाव्याला भावकीचं मुंडन. ज्याचा बाप हयात आहे त्यानं मिशी राखायची, ज्याचा नाही त्यानं काढायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. आणि आमच्या पंचायतीतले सगळे यजमान एकाच भावकीचे आणि सगळे बिनबापाचे निघाले. नदीकाठी राधाकिशननं रांगेनं वस्तरा चालवला आणि तासाभरात ग्रामपंचायतीचं बहुमत पाण्यात वाहून गेलं.

दिनकरराव घरी आले तेव्हा त्यांच्या म्हशीनं त्यांना गोठ्यात येऊ दिलं नाही. नाकाखालचा पट्टा पांढराफटक पडला होता, आणि वरचा ओठ, जो गावानं कधी पाहिलाच नव्हता, तो फार लहान आणि थोडा घाबरट निघाला. भुजंगराव भेटायला आले. दोघं एकमेकांना निरखत राहिले, कारण समोरचा कोण आहे याची दोघांनाही खात्री नव्हती.

दुःख बाजूला ठेवून कामाचा विचार करणं भाग होतं. एकतीस मार्च जवळ आला होता. पेव्हर ब्लॉकचा निधी पडून होता, सभा झाली नाही तर तो परत जाणार. आमच्या गावात मेलेला माणूस परत आला तरी चालेल, पण निधी परत जाता कामा नये. सभा घ्यायची तर खुर्चीवर मिशी हवी. म्हणून मिशी जलद उगवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. एरंडेल झालं, कांद्याचा रस झाला (ओठ सुजला, लांबून काही काळ मिशीसारखा दिसला). शेवटी सर्वांना माहीत असलेल्या शास्त्राचा आधार घेतला: वस्तरा जितका फिरवावा तितके केस दाट येतात. राधाकिशन दिवसातून तीनदा येऊन दिनकररावांचा ओठ तासू लागला. आठ दिवस झाले तरी मिशी येईना. तेव्हा तपासणीअंती प्रयत्न कमी पडतात असं ठरलं आणि तासणं पाच वेळा केलं.

"मालक, एकदा न तासता बघायचं का?" राधाकिशन म्हणाला.

"तुला लय कळतंय का रे?" दिनकरराव म्हणाले. तुरटीनं त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

नकली मिशीची सूचना मी केली होती. पण गोंदाच्या मिशीनं घेतलेला ठराव न्यायालयात टिकत नाही असं भुजंगरावांचं मत पडलं.

या सगळ्यात एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सुतकात घरच्या बायांनीही तेल, वेणी, दोरा करायचा नसतो. ज्या सुतकानं दिनकररावांची मिशी नेली, त्याच सुतकात कस्तुराबाईंच्या ओठावर दोरा फिरला नव्हता. आणि तेरावा झाल्यावरही त्यांनी तो फिरवला नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत पाणी भरायच्या, आणि लोक दुसरीकडे बघायचे.

ही गोष्ट उच्चारली ती कडूबाईंनी. कडूबाई दिनकररावांच्या आत्या, वय झालेलं, त्यामुळे बोलायला मोकळ्या. ओट्यावर आम्ही सगळे डोकं धरून बसलो होतो. निधीला चार दिवस उरले होते.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हनलं असतं, असं तुमीच म्हनता न्हवं?" कडूबाई म्हणाल्या. "मला न्हाईत, म्हनून मी काका झाले न्हाई. हिला हायत. मग ही सरपंच का न्हाई?"

आम्ही कस्तुराबाईंकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं असावं. सरपंचाच्या घरातली होती. उसनी नव्हती. ठरावात बसत होती. राधाकिशनला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. त्यानं दोघांना उजेडात उभं केलं, आधी दिनकररावांचा ओठ पाहिला, मग कस्तुराबाईंचा, मग जमिनीकडे पाहिलं.

"मालकाचं सध्या कायबी न्हाई," तो म्हणाला. "वैनीचं हाय."

कस्तुराबाई म्हणाल्या, "बसते मी. पन पयला ठराव एसटीचा घेनार."

इथं पुन्हा पेच पडला. पेव्हर ब्लॉकसाठी त्यांची मिशी हवी होती आणि ओट्यासाठी नको होती. जगातल्या सगळ्या नकोशा केसांचा प्रश्न हाच आहे. ते केव्हा नकोसे होतात हे त्यांच्या मालकानं ठरवायचं नसतं. भुजंगरावांनी त्यातून असा मार्ग काढला की मला आजही त्यांच्या बुद्धीचा अभिमान वाटतो. पहिला विषय पेव्हर ब्लॉक, दुसरा एसटी, मध्ये चहापान. मानवतच्या निकिता ब्युटी पार्लरमधून निकिताला बोलवायचं. चहापानाच्या वेळात ती गावातर्फे, मानानं, कस्तुराबाईंचं थ्रेडिंग करील. मिशी गेली की खुर्ची गेली, खुर्ची गेली की सभा गेली. ओटा राहील.

"ताई, फाट्यावर उतरा," भुजंगरावांनी निकिताला फोनवर सांगितलं. "तिथून समोरच हाय गाव."

गाडीवर जाऊन तिला आणता आलं असतं. पण नुकतं मुंडन झालेला माणूस मागं पार्लरवाली बसवून गावातून गेला, तर जी चर्चा होते ती चहापानात संपत नाही.

सभेच्या दिवशी कस्तुराबाई खुर्चीवर बसल्या. नियम सर्वांना सारखा आणि सुतकही सारखंच, त्यामुळे बाकीच्या चार बायाही स्वतःच आल्या. त्यांचे यजमान बोडक्या ओठांनी खिडकीबाहेर उभे राहिले. पेव्हर ब्लॉक एका मिनिटात मंजूर झाले. चहापान सुरू झालं. निकिता आली नाही. आम्ही दुसऱ्यांदा चहा घेतला. मग तिसऱ्यांदा. खिडकीतून भुजंगरावांचा दबलेला आवाज येत होता.

"अवो ताई, चालत राहा. उसाच्या पुढं लगेच गाव लागतंय."

"दादा, ऊस संपायलाच तयार न्हाई," फोन स्पीकरवर होता. "हितं बस का येत न्हाई तुमच्याकडं?"

भुजंगरावांनी फोन बंद केला. कस्तुराबाईंनी कप खाली ठेवला आणि विषय क्रमांक दोन वाचला. वळणावरचं अतिक्रमण काढणे. "हात वर करा," त्या म्हणाल्या. पाच विरुद्ध तीन. तिघांत मी होतो, पंचायतीच्या परंपरेसाठी.

खिडकीतून दिनकररावांनी हाक मारली, "कस्तुरा, अगं आपलाच वटा हाय तो."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "सारवते कोन त्याला?" आणि त्यांनी सही केली.

निकिता पोचली तेव्हा सभा उठली होती. तुटकी चप्पल हातात, दोरा पर्समध्ये. "दोरा कुणाचा करायचाय?" तिनं विचारलं. आम्ही सगळे पुरुष छताकडे बघत होतो. कस्तुराबाईंनी तिला तांब्याभर पाणी दिलं, मग दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लागली. बऱ्याच वेळानं आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

पुढं तालुक्याचा एक पत्रकार आला, त्यानं विचारलं, थ्रेडिंग झालं का? पंचायत समितीतून अधिकारी आले, त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, मिशी नेमकी केवढी होती हो? पाहुणे येतात, तेही हेच विचारतात. आणि तुम्हीही आत्ता त्या लावलेल्या कडीपाशीच उभे आहात. मला त्याचं उत्तर माहीत आहे. ते मी सांगणार नाही.

प्रियांका मात्र बारावीला आहे. सकाळी सातची एसटी तिच्या दारातून जाते. हे न विचारताच सांगून टाकतो, कारण तुमच्यापैकी कोणी विचारील असं वाटत नाही.